कालच्याइतकं गरम

फाउंड्रीत स्वेटर घालून आलेलं माणूस तोवर कुणी पाहिलं नव्हतं. डिसेंबरातल्या त्या सकाळी सुनंदा खोत तांबडा, घरी विणलेला स्वेटर घालून साठवण भट्टीच्या मागं तिच्या नेहमीच्या जागेवर येऊन उभी राहिली आणि पहिल्या पाळीच्या लोकांना आयतंच निमित्त मिळालं.

"काय वैनी, महाबळेश्वरला निघालासा व्हय?"

"थंडी वाजती म्हणून घातला," सुनंदा बाही सारखी करत म्हणाली. "तुमच्या का पोटात दुखाय लागलं?"

चौदाशे अंशांवर तापलेलं अठरा टन पातळ लोखंड तिच्यापासून चार हातांवर होतं आणि तरीही तिला थंडी वाजत होती. याचं श्रेय विभावरी मगदूम या बाईला जात होतं. खुद्द विभावरी त्या वेळी शेडच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. सुनंदाचा स्वेटर बघून तिला जो आनंद झाला, तो तिनं लपवलाही नाही.

'त्रिदल कास्टिंग्ज' ही कोल्हापूरच्या बाहेरची मध्यम आकाराची फाउंड्री. लोखंड वितळवायचं, ते एका मोठ्या आडव्या पिंपासारख्या भट्टीत साठवून ठेवायचं आणि लागेल तसं साच्यांत ओतायचं. ही साठवण भट्टी कधी विझवत नाहीत. तिच्या पोलादी कवचाला आतून भट्टीमातीचं नऊ इंची अस्तर असतं, कामगार त्याला लायनिंग म्हणतात. अस्तर असूनही कवच बाहेरून तीनशे अंशांपर्यंत तापायचं आणि ती उष्णता रात्रंदिवस शेडमध्ये ओतली जायची. उन्हाळ्यात मागच्या बाजूला माणूस अर्धा तास टिकत नसे. लोखंड वितळवायला महागडी वीज घ्यायची आणि तिच्यातला मोठा वाटा असा हवेला देऊन टाकायचा, हे सगळ्याच फाउंड्र्यांत चाललं होतं, आणि विजेचा दर वाढेल तशा त्या एकेक करून बंद पडत होत्या. विभावरीचे वडील अशाच एका बंद पडलेल्या फाउंड्रीत कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, बनवायचे. ती दहावीत असताना ते घरी बसले आणि नंतर शेवटपर्यंत बसूनच राहिले.

विभावरीनं बारा वर्षं खपून उष्मापत्रा तयार केला. तांबं, गंधक आणि आणखी दोन स्वस्त मूलद्रव्यं यांची पूड दाबून, भाजून केलेला हा बोटभर जाडीचा पत्रा. त्याची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की मधल्या फरकातून वीज निघते. फरक जितका जास्त तितकी वीज जास्त. असे पदार्थ पूर्वीही होते, पण ते सोन्याच्या भावाचे होते आणि शंभर भाग उष्णतेतले जेमतेम पाच भाग वापरायचे. विभावरीचा पत्रा पंधरा भाग वापरायचा आणि फरशीच्या दरात बनायचा. असे चौसष्ट पत्रे त्रिदलच्या भट्टीच्या कवचावर बसवले होते आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला थंड पाण्याच्या नळ्या फिरवल्या होत्या. भट्टीची उष्णता आता शेडमध्ये येतच नव्हती. काही विजेत जायची, उरलेली पाण्यात. त्या विजेवर त्रिदलची बंद पडलेली दुसरी पाळी पुन्हा सुरू झाली होती.

शेडमध्ये शिरल्याबरोबर समोर आकड्यांचा मोठा बोर्ड होता. त्यावर कालची वीज दिसायची. त्या सकाळी आकडा होता १४१२.

पत्रे बसवले तेव्हा तो ११८० होता. मग रोज एक-दोन युनिटांनी वाढत गेला. त्रिदलखेरीज आणखी सात फाउंड्र्यांनी पत्रे घेतले होते. आठही मालकांचा आणि विभावरीचा फोनवर एक गट होता आणि रोज सकाळी प्रत्येकजण त्यावर आपला आकडा टाकायचा. कोल्हापूरकडच्या माणसाला ईर्षा कशाचीही लागते. म्हशीच्या दुधाची लागते, उसाच्या टनाची लागते, तशी आता युनिटांची लागली होती. त्रिदलचे मालक भूपाल चौगुले, म्हणजे भूपालअण्णा, सकाळी तोंड धुवायच्या आधी गट उघडून बघायचे. त्यांचा दुसरा नंबर होता. पहिला होता सांगली रस्त्यावरच्या एका फाउंड्रीचा, १५३०, आणि तो अण्णांना घशात अडकलेल्या काट्यासारखा सलायचा.

"आकडा वाढतोय कसा, मॅडम?" अण्णांनी एकदा विचारलं होतं.

"पत्रे बसतायत," विभावरीनं सांगितलं होतं. "पत्रा आणि कवच यांच्यामध्ये जो लेप लावलाय तो भाजून घट्ट होतो. मग उष्णता जास्त पोचते."

पहिल्या महिन्यापुरतं हे खरंच होतं. आता सहावा महिना संपत होता आणि विभावरी अजूनही तेच उत्तर देत होती. चांगल्या बातमीची उलटतपासणी कोण करतो?

त्या दिवशी अकरा वाजता तीस फाउंड्र्यांचे मालक पत्रे बघायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं तर उष्मापत्र्यांचा कारखाना उभा राहणार होता. नाही म्हटलं तर विभावरीची अकरा माणसांची कंपनी मार्चपर्यंतही तगली नसती. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि सकाळपासून चौथा चहा चालला होता.

सात वाजता पाळी बदलली. त्रिदलमध्ये पाळी सुरू करायची एक रीत होती. भट्टीपासून हातभर अंतरावर विटांची एक आडभिंत होती, पूर्वी कामगारांना झळ लागू नये म्हणून बांधलेली. कामावर येणारा प्रत्येकजण त्या भिंतीतल्या एका ठरावीक विटेला उलटा हात लावायचा आणि मग तोच हात छातीला. चाळीस वर्षं हात लागून ती वीट पाट्यासारखी गुळगुळीत झाली होती. पत्रे बसवल्यावर आडभिंतीची गरज उरली नव्हती, विभावरी ती पाडायलाही निघाली होती, पण कामगार अडून बसले. भट्टीला नमस्कार कुठं करायचा मग? विभावरीनं भिंत ठेवली. लोकांच्या श्रद्धेला धक्का न लावता तंत्रज्ञान कसं आणावं, याचं उदाहरण म्हणून भाषणात ती हा किस्सा आवर्जून सांगायची.

आठच्या सुमाराला दस्तगीर नदाफ, सगळ्यांचे दस्तगीरमामा, आले. एकतीस वर्षं त्यांनी ही भट्टी सांभाळली होती आणि पत्रे बसवायच्या आदल्या आठवड्यात ते निवृत्त झाले होते. काखेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. नातीचं लग्न ठरलं होतं. सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. मामांनी सुनंदाच्या स्वेटरकडं बघून नुसत्या भुवया उंचावल्या, आणि बोलता बोलता सवयीनं भिंतीपाशी जाऊन विटेला उलटा हात लावला.

हात त्यांनी काढलाच नाही.

"भट्टी बंद हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

लोक हसले. "बंद कशानं आसंल? अठरा टन हाय आत."

"मग ही गार कशी?"

विभावरी पुढं झाली. पत्रे उष्णता कशी घेतात, पाणी कसं फिरतं, हे तिनं चार वाक्यांत सांगितलं. दस्तगीरमामांनी मान हलवत ऐकून घेतलं. त्यांना ते समजलं, पटलंही.

"ब्येस हाय की," ते म्हणाले. "मग लायनिंग किती उरलंय ते कशावरनं बघतासा?"

"कवचावर तापमापक आहेत, मामा. कवच साडेतीनशेच्या वर गेलं तर घंटा वाजते."

"आणि पत्रं तर कवच गार ठेवत्यात."

पत्र्यांमागचं पाणी कवचाची उष्णता सतत ओढून घेत होतं. घंटा वाजायची कशी? ती वाजत नाही याचा अर्थ तिनं सगळं ठीक आहे असा लावला होता.

"पन ह्यो हात लावतोय ना आमी रोज," मामा विटेवर थोपटत म्हणाले, "त्यो त्यासाठीच की."

"तो नमस्कार ना?"

"नमस्कार नवीन पोरांस्नी. मलाबी आमच्या शंकरमिस्त्रीनं नमस्कार कर म्हणूनच सांगितलं हुतं. धा वर्सांनी सांगितलं की माप हाय म्हणून. माप म्हणून सांगितलं तर मानूस चार दिसात इसरतो, म्याडम. नमस्कार चुकवत न्हाई." त्यांनी हात उलटा करून दाखवला. "उलटा हात का? तळहात भाजला तर दिवस वाया. आनी कातडं हिकडं पातळ आसतंय, लवकर कळतं."

"किती गरम असायला पाहिजे?"

"कालच्याइतकं."

विभावरीला वाटलं, ते पुढं काही बोलतील. पण तेवढंच उत्तर होतं. काल लागली तेवढी आज लागली तर काम सुरू करायचं. कालच्यापेक्षा जास्त लागली तर मालकाला सांगायचं. एकतीस वर्षांत मामांनी दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा भट्टी रिकामी करून बघितली आणि दोन्ही वेळा अस्तर खाल्लेलं सापडलं होतं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल दिली, घड्याळ दिलं, भाषणं झाली, पण हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि सांगायचं त्यांनाही. भिंत तर रोज सगळ्यांशी बोलतच होती, त्यात वेगळं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं.

आणि गेले सहा महिने सुनंदासकट चाळीस माणसं त्या गार विटेला इमानानं हात लावत होती.

विभावरी बोर्डाखालच्या टेबलापाशी गेली. बोर्डावर फक्त एकूण आकडा यायचा, कारण चौसष्ट पत्र्यांचे चौसष्ट आकडे बघून लोक कंटाळतील असं तिनंच ठरवलं होतं. आता तिनं ते टेबलावरच्या संगणकावर एकेक उघडले. बहुतेक पत्रे सहा महिन्यांपूर्वी रोज अठरा युनिट द्यायचे, आता वीस-एकवीस देत होते. बाविसावा पत्रा चाळीसवर होता, चोविसावा अडतीसवर. तेविसावा एकोणऐंशीवर.

तिनं नकाशा काढून तेविसावा पत्रा कुठं आहे ते पाहिलं, जरी तो पाहायची गरज नव्हती. मागची बाजू, खालून दुसरी ओळ. ती सुनंदाची जागा होती.

तिथलं अस्तर आतून झिजत होतं. झिजेल तशी जास्त उष्णता बाहेर येत होती, पत्रा ती इमानदारीनं पिऊन जास्त वीज देत होता, आणि ती वाढ बघून अण्णा पेढे वाटत होते. अस्तर एक दिवस संपणार होतं. त्याच्यापुढं पोलादाचं कवच आणि कवचापुढं पाण्याच्या नळ्या. पातळ लोखंडाची आणि पाण्याची गाठ पडली की काय होतं, हे फाउंड्रीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

विभावरीच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: दोन वाजता पाहुणे जातील, त्यानंतर भट्टी रिकामी केली तर? सहा महिने टिकली ती सहा तास टिकेल. हा विचार तिच्या डोक्यात चांगला मिनिटभर राहिला. पुढं कितीतरी वर्षं तिला त्या एका मिनिटाची लाज वाटत राहिली.

ती अण्णांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. "भट्टी रिकामी करा, अण्णा. आत्ता. पत्रे माझे आहेत, चूक माझी आहे, पाहुण्यांना मी तोंड देते."

अण्णा तडक शेडमध्ये आले. भट्टी रिकामी करायची म्हणजे अठरा टन लोखंड वाळूत ओतून लगडी करायच्या, नवं अस्तर भरायचं आणि तीन आठवडे काम बंद. त्यांनी आकडे बघितले, भट्टीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं.

"सहा महिने टिकलंय," ते म्हणाले. "सहा तास टिकणार नाही होय? दोनला पाहुणे गेले की लगेच काढू."

विभावरीचेच शब्द, जसेच्या तसे.

दस्तगीरमामा तोवर मागच्या बाजूला गेले होते. त्यांनी सुनंदाला खांद्याला धरून बाजूला केलं, एक रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर ठेवला.

"सुनंदा, तू जा कँटीनला. दोन वाजस्तवर मी बसतो हितं."

"मामा, उठा तिथनं," अण्णा म्हणाले.

"आसूंदे की. सहा तासाचाच तर सवाल हाय. तुमाला खुर्ची आनी मला डबा, आपलं काय वायलं हाय?" आवाजात राग नव्हता. अण्णांना ते लहानपणापासून ओळखत होते आणि त्यांच्या वडिलांच्या हाताखाली त्यांची निम्मी नोकरी झाली होती. "पत्रिका उद्या वाटीन. लगीन बारा तारखंला हाय."

अण्णांच्या चेहऱ्यावर चीड स्पष्ट दिसत होती, कुणावरची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग ते वळून ओरडले, "वाळू पसरा रे! लगडी काढायच्या. मागं कुणी थांबायचं नाही. आणि मामा, उठा आता. मला पाप लावू नका."

सव्वानऊला पहिली धार वाळूत पडली. तेव्हाच विभावरीनं गटावर संदेश टाकला: आकडा वाढत असेल तर ती चांगली बातमी नाही, तुमचं अस्तर झिजत असेल, ताबडतोब फोन करा. पाच मालकांचे फोन दहा मिनिटांत आले. त्यातल्या तिघांचे आकडे स्थिर होते, दोघांनी भट्टी उतरवायला, म्हणजे रिकामी करायला, घेतली. सहाव्यानं दुपारी केला. सांगली रस्त्याच्या फाउंड्रीनं संदेशाखाली अंगठा दाखवला आणि त्याखाली आपला आकडा टाकला, १५४५.

अकरा वाजता पाहुणे आले तेव्हा शेड उन्हाळ्यासारखी तापली होती आणि वाळूतल्या लगडी तांबूस होत होत्या. संगणकावरचे पत्र्यांचे आकडे उतरत होते. विभावरीनं काही लपवलं नाही. दहा-बारा जण चहा न घेताच गेले. बाकीचे थांबले. त्यातल्या एकानं विचारलं, "म्हणजे तुमचा पत्रा वाईट?"

"पत्रा चांगला आहे," ती म्हणाली. "पण त्यानं उष्णतेबरोबर तुमची खबरही पळवली. ती परत कशी द्यायची ते मला शोधावं लागेल. तोवर मी विकत नाही."

दीड वाजता भट्टी रिकामी झाली. काळी काच डोळ्याला लावून विभावरीनं तोंडातून आत पाहिलं. अस्तर सगळीकडून लालभडक होतं. फक्त खालच्या बाजूला, तेविसाव्या पत्र्याच्या समोर, ताटाएवढा एक काळसर डाग होता. तिथली उष्णता आत थांबतच नव्हती, थेट बाहेर जात होती. काच तिनं मामांना दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि दोन बोटं आडवी धरून दाखवली.

"येवढं उरलंय," ते म्हणाले.

सुनंदा शेजारीच होती. तिनं त्या दोन बोटांकडं पाहिलं, मग अंगातला स्वेटर काढला आणि घडी करून काखेत धरला.

विभावरीनं सकाळपासून सांगली रस्त्याला सात वेळा फोन लावला होता. आता ती गाडीतच बसली आणि शेजारी, कुणी न सांगता, दस्तगीरमामा पत्रिकांसकट येऊन बसले. अंतर पाऊण तासाचं होतं. पूल ओलांडल्यावर तिकडून फोन उचलला गेला.

"बोला मॅडम," मालकाचा आवाज खुशीत होता. "ऐकलं आम्ही, अण्णांनी भट्टी उतरवली म्हणे. आता आमचीबी उतरवा म्हणून फोन केलाय होय? पहिला नंबर कुणाला बघवत नाही बघा."

विभावरीनं शक्य तेवढ्या शांतपणे पुन्हा सांगितलं. अस्तर, तेविसावा पत्रा, दोन बोटं.

"त्यांची जुनी भट्टी, आमची नवी कोरी. चार वर्षंबी झाली नाहीत. या की, हात लावून बघा, बर्फ आहे बर्फ."

"पत्रे बसवायच्या आधी तिला रोज कुणी हात लावायचं का?"

"भट्टीला? कशाला?"

मामांनी खिडकीबाहेर बघत हात मांडीवर उलटा ठेवला होता. विभावरीनं गाडीचा वेग वाढवला.

"साहेब, माझं एवढंच ऐका," ती म्हणाली. "तुमच्या भट्टीच्या मागच्या बाजूला आत्ता कोण उभं आहे?"